कीर्द-खतावणी आता पडद्यावर
सांगली-साताऱ्याच्या व्यापारी व कारागीर बंधूंसाठी संगणकी हिशेबाची ओळख

सांगलीचे हळदीचे मार्केट घ्या, तासगावचा बेदाण्याचा सौदा घ्या, कराड-साताऱ्यातली फळांची आडत घ्या किंवा मिरजेतले सतारीचे कारखाने घ्या. आज बहुतेक दुकानांत संगणक येऊन बसलेला आहे, निदान हातात स्मार्टफोन तरी आहेच. पण त्याचा उपयोग काय, तर बिल छापणे आणि वर्षाअखेरीस सी.ए. साहेबांना कागद पाठवणे. कोणत्या गिऱ्हाइकाकडे पैसा किती दिवस अडकला, कोणत्या मालात खरी कमाई झाली आणि कोणत्या मालाने नुसती जागा अडवली, या प्रश्नांची उत्तरे त्याच दुकानात, त्याच बिलांत पडून असतात. ती काढणाऱ्याला मोठ्या कंपन्या ‘डेटा ॲनालिस्ट’ म्हणतात आणि चांगला पगार देतात. आपल्या पेठेत हे काम पूर्वी मुनीमजी करीत. हे काम आपले आपण कसे करावे, एवढेच आम्हाला येथे सांगायचे आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. या विद्येचा पाया आपल्याला नवा नाही. जुन्या पद्धतीत दोन वह्या असत. रोजचा व्यवहार तारखेवार जिथे उतरायचा ती कीर्द, आणि तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या नावावर जिथे जायचा ती खतावणी. कीर्दीत रकमेशेजारी एक बारीक रकाना असे, ‘खातेपान’. ही रक्कम खतावणीच्या कितव्या पानावर गेली, त्याचा आकडा त्यात पडे. एडगर कॉड या संशोधकाने १९७० साली माहिती तक्त्यांत ठेवण्याची आणि एका खुणेने तक्ते एकमेकांना जोडण्याची जी रीत मांडली, तिच्यावर आजचे बहुतेक डेटाबेस उभे आहेत. ती खूण म्हणजे आपले खातेपानच. स्प्रेडशीट, म्हणजे पडद्यावरचा आडव्या-उभ्या रेघांचा तक्ता, त्यानंतरचा. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी १९७९ मध्ये ‘व्हिझिकॅल्क’ काढले. एक आकडा बदलला की खालच्या सगळ्या बेरजा आपोआप बदलतात, ही त्याची करामत. आजचे एक्सेल त्याच वाटेने आलेले आहे. एक्सेल विकत घेणे परवडत नसेल तर ‘लिब्रे ऑफिस’ फुकट मिळते. दुकानाच्या कामाला ते पुरेसे आहे.

फरक एवढाच, की पडद्यावर आपण फक्त कीर्द लिहावी. खतावणी यंत्राने करायची.

कीर्द कशी लिहावी

एका ओळीत एकच व्यवहार. एका रकान्यात एकाच जातीची माहिती. मधे रिकामी ओळ नाही, मधेच ‘एकूण’ नाही, शोभेसाठी दोन-तीन घरे जोडून मोठा मथळा नाही. कागदाच्या वहीत पान संपले की बेरीज मारून ‘पुढे नेली’ लिहायची सवय असते. पडद्यावर हीच सवय घात करते, कारण यंत्र ती बेरीजही एक व्यवहार समजून पुन्हा मोजते. हळदीच्या आडत्याचे रकाने साधारण असे असावेत : तारीख, पट्टी नंबर, खातेपान, माल, पोती, वजन क्विंटलमध्ये, दर, रक्कम.

रकान्यात ‘५० पोती’ असे लिहू नये, नुसते ५० लिहावे. ‘पोती’ हा शब्द रकान्याच्या मथळ्यात एकदा आला की पुरे. आकड्याला शब्द चिकटला की यंत्राच्या लेखी तो आकडा राहत नाही आणि बेरजेतून तो गुपचूप गळतो. तक्रार करीत नाही, हे जास्त वाईट. ओळखण्याची खूण सोपी आहे. आपण हात लावला नसेल तर आकडे घराच्या उजव्या कडेला बसतात आणि शब्द डाव्या कडेला. एखादी रक्कम डावीकडे सरकलेली दिसली की समजावे, ही बेरजेत धरलेली नाही. मराठी आकडे टाइप केले तरी अनेकदा हेच होते, म्हणून हिशेबाच्या रकान्यात इंग्रजी आकडेच वापरावेत. नावे मात्र खुशाल मराठीत लिहा.

तारखेचेही असेच. ०३/०४ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर तो ४ मार्च समजतो. एप्रिलचा व्यवहार मार्चमध्ये गेला, म्हणजे आर्थिक वर्षच बदलले! नवा संगणक घेतला की पहिल्याच दिवशी ही मांडणी भारताची करून घ्यावी.

एककांचा घोळ निराळा. हळदीचा भाव क्विंटलला आणि बेदाण्याचा किलोला. दोन्ही माल करणाऱ्याने एकाच रकान्यात दोन्ही वजने टाकली तर खालची बेरीज कशाचीच नसते.

नावांचा घोळ

आपल्या लोकांत हा घोळ फार. महंमद, मोहम्मद, मो., मुहम्मद हे चार यंत्राला चार गिऱ्हाईक वाटतात. अब्दुल रशीद, अ. रशीद आणि रशीदभाई एकच, हे दुकानातल्या पोराला ठाऊक असते, तक्त्याला नसते. उलट एकाच गल्लीत एकाच नावाचे तीन बागवान निघाले तर तिघांची उधारी एकात मिसळते, आणि मग कोणाला तगादा लावायचा?

उपाय खातेपानाचाच. गिऱ्हाइकांचा वेगळा तक्ता करावा : खातेपान नंबर, पूर्ण नाव, गाव, फोन, जी.एस.टी. नंबर असल्यास तो. कीर्दीत नाव लिहूच नये, फक्त नंबर लिहावा. नंबरावरून नाव आणून देणारे सूत्र म्हणजे ‘व्हीलुकअप’. (सूत्रे इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची असतात, येथे आम्ही उच्चार देत आहोत.) त्यात चार गोष्टी क्रमाने सांगायच्या : कोणता नंबर शोधायचा, कोणत्या तक्त्यात, कितव्या रकान्यातले आणायचे, आणि शेवटी ‘फॉल्स’. हा शेवटचा शब्द गाळला तर यंत्र तंतोतंत नंबर सापडला नाही तरी जवळपासचा उचलते आणि भलत्याचे नाव आणून देते.

इतके झाले की खतावणी करायला ‘पिव्हट टेबल’ पुरते. कीर्द निवडायची, खातेपान डावीकडे ओढायचे, महिना वर, रक्कम मधे. महिनाभराचे काम क्षणात समोर येते. माल डावीकडे ओढला की मालवार, गाव ओढले की गाववार. महाबळेश्वर-पाचगणीकडच्या स्ट्रॉबेरीचा व्यापार करणाऱ्याने ‘खराब निघाला’ असा एक जादा रकाना ठेवावा. कोणत्या गावाचा, कोणत्या गाडीने आलेला माल जास्त नासतो, हे दोन महिन्यांत त्याला दिसेल.

कारागिराचा हिशेब

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हत्यारांचे काम करणाऱ्या शिकलगार घराण्यांनी हा हुनर घडवला आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. पण मान मिळाला म्हणजे हिशेब सुटला असे नाही. कारागिराचे प्रत्येक वाद्य वेगळे, म्हणून सरासरीचा भाव त्याच्या कामाचा नाही. त्याने प्रत्येक वाद्याला जॉब नंबर द्यावा आणि दोन तक्ते ठेवावेत. पहिला ऑर्डरींचा : जॉब नंबर, खातेपान, वाद्य, ठरलेली किंमत, घेतलेला इसार, देण्याची तारीख. दुसरा खर्चाचा : तारीख, जॉब नंबर, बाब, रक्कम. भोपळा, लाकूड, खुंट्या, पडदे, तारा, पॉलिश, बाहेरची मजुरी, जे लागेल ते एकेका ओळीत लिहावे. मग ‘समइफ’ या सूत्राला जॉब नंबर दिला की त्या वाद्याचा सगळा खर्च एका घरात येतो. भोपळे एकदम घेऊन वाळवून ठेवलेले असतात. तेव्हा वाद्याला लावताना ते कोणत्या खरेदीतले आणि तेव्हा काय भावाने पडले, ते लिहावे.

पण खरी मेख पुढे आहे. समजा, सतार २५,००० रुपयांना ठरली. सामान ९,०००, बाहेरची मजुरी ४,०००. राहिले १२,०००, म्हणून उस्ताद खूश. त्या सतारीवर त्यांनी स्वतः २० दिवस हात चालवला, त्यात जवारी लावण्याचे बारीक काम आले. त्यांच्या हाताचा रोज ८०० जरी धरला तरी १६,००० होतात. म्हणजे हे वाद्य ४,००० रुपये पदरचे घालून गेले! हा प्रकार सतारीपुरता नाही. शिलाई, चप्पल, सुतारकाम, सगळीकडे घरच्या माणसाची मजुरी शून्य धरण्याची रीत आहे. दिवसांचा एक रकाना वाढवला की ती उघडी पडते. म्हणून त्या रकान्याला टाळू नये, हे आमचे आग्रहाचे सांगणे.

एका वर्षात दोन ईद

तक्ता खरा असून माणूस फसतो, त्याचे हे उदाहरण कापड, चप्पल, बांगडी, अत्तर आणि सुकामेवा करणाऱ्यांनी जरूर वाचावे. रमजान ईद २०२३ मध्ये २२ एप्रिलला, २०२४ मध्ये ११ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३१ मार्चला झाली. आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. म्हणजे २०२४-२५ या एका वर्षात दोन रमजान ईद आल्या, आणि दोन्हींच्या आधीची शेवटच्या आठ-दहा दिवसांची गर्दीही त्यातच आली. त्या वर्षीचा धंदा फुगलेला दिसला तर त्यात नवल नाही. पण तो आकडा बँकेला दाखवून कोणी मोठे कर्ज उचलले, किंवा त्यावर विसंबून पुढच्या वर्षी दीडपट माल भरला, तर माल आणि हप्ता दोन्ही अंगावर येणार. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने असा योग सुमारे ३२-३३ वर्षांनी येतो. पण मार्चची मार्चशी आणि एप्रिलची एप्रिलशी तुलना मात्र दरवर्षीच चुकते.

उपाय एका रकान्याचा आहे : ‘ईदला किती दिवस’. ईदच्या तारखेतून बिलाची तारीख वजा केली की तो आकडा मिळतो, कारण यंत्र तारखांची वजाबाकी दिवसांत देते. मग यंदाचे ईदपूर्व ३० दिवस आणि गेल्या सालचे ईदपूर्व ३० दिवस शेजारी ठेवावेत. वाढ झाली की घट, ते तेथे कळेल.

उधारी

हीच वजाबाकी वसुलीला उपयोगी पडते. आजची तारीख देणारे सूत्र ‘टुडे’. त्यातून बिलाची तारीख वजा केली की उधारीचे वय निघते. ३० दिवसांच्या आतली, ३१ ते ४५ आणि ४५ च्या वरची अशी तीन वाटे करून पिव्हट लावावे. ४५ चा आकडा आम्ही उगाच घेतलेला नाही. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे अशा नोंदलेल्या उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, घेणाऱ्याने ४५ दिवसांत द्यायचे असतात. करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. हा हक्क माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही. त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी हवी. ती १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि तिला फी नाही. मोठ्या शहरातल्या दुकानाला वाद्ये किंवा कपडे पाठवून सहा-सहा महिने वाट पाहणाऱ्या कारागिराने तारीखवार तक्ता छापून पाठवून पाहावा. तोंडी तगाद्यापेक्षा त्याचे वजन वेगळे पडते.

जपणूक

तक्ता लावताना फक्त एक रकाना निवडून क्रम लावू नये. नावे हलतात, रकमा जागीच राहतात आणि साऱ्या हिशेबाची खिचडी होते. जुन्या जातीच्या फाइलीत ६५,५३६ ओळीच मावतात, नव्या जातीत १०,४८,५७६. ब्रिटनमध्ये २०२० साली जुन्या फाइलीमुळे कोरोनाचे सुमारे १६,००० रुग्ण मोजणीतून गळले होते. दुकानाची कीर्द लहान असली तरी फाइल नव्या जातीतच ठेवावी.

राहिली कृष्णामाई. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी सांगलीची पेठ पाण्यात गेली. २००५ मध्ये हरिपूरच्या हळदीच्या पेवांचेही मोठे नुकसान झाले. पाण्याला वही आणि संगणक सारखेच. जी.एस.टी. कायद्याने हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात. म्हणून फाइलीची एक प्रत दुकानात, एक पेन ड्राइव्हवर घरी वरच्या मजल्यावर आणि एक इंटरनेटवरच्या साठ्यात ठेवावी. दर शुक्रवारी दुकान पुन्हा उघडले की पहिले काम म्हणून ती प्रत घ्यावी. फाइलीच्या नावात तारीख घालावी, म्हणजे चुकीची फाइल जुन्या चांगल्या फाइलीवर बसणार नाही. आणि महिन्यातून एकदा घरची प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटची बेरीज जुळते का, तेही पाहून ठेवावे.