केसांचे तेल आणि पोटाची भाकरी

कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने केसांवर बोलावे, हे काही मंडळींना चमत्कारिक वाटेल. पगार, बोनस, कामाचे तास हे आमचे नित्याचे विषय. परंतु कामगाराच्या घरचा महिन्याचा हिशेब पाहण्याची ज्याला सवय लागली, त्याला त्या हिशेबात केस वाढविणाऱ्या तेलाची बाटली पुष्कळदा आढळते. डाळ पावशेराने कमी करून तेल आणलेले असते. हा सौदा फायद्याचा की तोट्याचा, एवढाच आजचा प्रश्न आहे. आम्ही डॉक्टर नव्हे की वैद्य नव्हे. जे वाचले, जाणकारांना विचारून पडताळले, तेच येथे मांडतो.

प्रथम केस म्हणजे काय ते पाहू. जो केस आपण विंचरतो तो निर्जीव असतो. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा आहे. जिवंत भाग असतो तो कातडीखाली, केसाच्या मुळाशी. अशी सुमारे एक लाख मुळे आपल्या डोक्यावर असतात आणि त्यांचे काम कारखान्यासारखे पाळीने चालते. शंभरातील ८५ ते ९० मुळे कामावर असतात. एका मुळाची ही कामाची पाळी दोन ते सहा वर्षे चालते आणि त्या काळात केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. मग दोनतीन आठवड्यांत काम आवरते घेऊन मूळ सुमारे तीन महिने विश्रांती घेते. विश्रांती संपली की जुना केस गळतो आणि त्याच जागी नवा उगवू लागतो. म्हणून दिवसाला ५० ते १०० केस गळणे हा रोग नव्हे. फणीत केस दिसला की घाबरून दुकानात धावण्याचे कारण नाही.

आता केस विरळ होतात ते का? कारणे अनेक आहेत, पण ती एकमेकांत मिसळल्यामुळेच सारा घोटाळा होतो.

पहिले कारण आनुवंशिक. पुरुषांच्या कपाळाचे कोपरे मागे सरकतात, टाळूवर चांद पडतो. स्त्रियांचा भांग रुंदावत जातो. पुरुषांत ह्याच्या मुळाशी टेस्टोस्टेरॉन ह्या अंतःस्रावापासून बनणारे एक द्रव्य असते; ज्यांची मुळे त्याला संवेदनशील, त्यांचे केस पिढीजात बारीक होत जातात. अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखवून दिले की, वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण काढले गेले, त्यांना असे टक्कल पडत नाही. अशा टकलावर पालेभाजीचा उपाय नाही आणि कोणत्या पाल्याच्या रसाचाही नाही.

दुसरे कारण म्हणजे शरीरावर आलेला ताण. विषमज्वर, मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण, उपासमार किंवा वजन उतरविण्यासाठी केलेली अघोरी उपासतापास, ह्यांपैकी काही घडले की पुष्कळशी मुळे एकदम रजेवर जातात. विश्रांतीचा काळ तीन महिन्यांचा असल्यामुळे केस गळतात ते आजारानंतर दोनतीन महिन्यांनी. तोवर ताप विसरलेला असतो आणि दोष साबणाला किंवा नळाच्या पाण्याला दिला जातो. २०२० नंतर करोनातून उठलेल्या असंख्य लोकांनी हा अनुभव घेतला. हे केस बहुधा सहा महिन्यांत आपोआप सावरतात. नेमक्या त्याच काळात जो तेल लावतो, तो श्रेय तेलाला देतो. तेलाच्या कीर्तीचे अर्धे रहस्य येथेच आहे.

तिसरे कारण पोषणाचे, आणि आमच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे. केसांवाचून माणूस मरत नाही. म्हणून शरीराला तुटवडा भासला की काटछाट आधी अशाच खात्यावर होते. मंदी आली की गिरणीत बदली कामगाराला आधी घरी बसवीत, तसे. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ साली आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशातील मुलांच्या कुपोषणाच्या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. क्वाशिओरकोर नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या रोगात मुलांचे केस विरळ, तांबूस आणि सहज उपटून येणारे होतात. पोटाची कहाणी केस सांगतात, ती अशी.

आपल्याकडे ही कहाणी मुख्यतः लोहाची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरविलेल्या प्रमाणानुसार पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम, तर स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह हवे. म्हणजे जिला अधिक हवे, ती घरात सर्वांच्या मागून जेवते आणि उरेल ते खाते. तिची वेणी शेपटासारखी झाली तर त्यात नवल कसले? तिला भाजी हवी होती, आणि आपण तिला बाटली आणून दिली.

मग तेल अगदीच निरुपयोगी का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबईतील रेळे व मोहिले या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खोबरेल तेल लावलेल्या केसांतून धुताना व विंचरताना प्रथिनांची झीज कमी होते, असे दिसले. हे संशोधक तेलाच्या धंद्यातील कंपनीचे होते, हेही सांगितले पाहिजे. पण प्रयोग वाजवी आहे. त्याचा अर्थ एवढाच की, असलेला केस तुटण्यापासून खोबरेल वाचविते. नवा केस उगविण्याचा तो पुरावा नव्हे. माका व जास्वंद यांच्यावरचे उत्साहवर्धक प्रयोग बहुतांशी उंदरांवरचे आहेत. कांद्याच्या रसाचा एक छोटा प्रयोग बगदादला झाला आणि तो २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात चाई पडलेल्या पुष्कळ रुग्णांना केस आले. परंतु चाई हा वेगळाच रोग आहे आणि तो अनेकदा आपणहून बरा होतो. शिकेकाई, रिठा यांनी केस धुवावेत, आईने डोक्यास खोबरेल चोळावे. त्यात सुख आहे आणि खर्च थोडा आहे. आमचे भांडण आहे ते चमत्काराच्या किमतीशी. टक्कल बरे करण्याचा किंवा नवे केस उगविण्याचा दावा औषधाने करू नये, असे १९४५ च्या औषध नियमांची ‘जे’ अनुसूची सांगते; तरी जाहिराती आडवाटेने तेच सुचवितात.

आता ताटाकडे वळू. पन्नास किलो वजनाच्या प्रौढ व्यक्तीस दिवसाला सुमारे ४२ ग्रॅम प्रथिने लागतात. ज्वारीच्या दोन मोठ्या भाकऱ्या दहा ग्रॅम देतात. वाटीभर घट्ट वरण सहा, वाटीभर मटकीची उसळ सात, मूठभर शेंगदाणे सात, एक अंडे सहा, कपभर दूध सहा. बेरीज ४२ होते. हे आकडे ढोबळ आहेत, पण परदेशी डबा लागत नाही, हे त्यांवरून कळेल. लोहासाठी बाजरी, हरभरा, पालेभाज्या आणि बाळंतिणीला आपण देतो ते अळीव आहेत. सामिष खाणाऱ्यांना मटण व कलेजी आहे. वनस्पतींतील लोह शरीर कष्टानेच घेते. त्यावर लिंबू पिळावे, आवळा किंवा पेरू खावा, म्हणजे ते अधिक घेतले जाते. उलट जेवणाबरोबर घेतलेला चहा ते अडवितो. चहा तासभर पुढे ढकलावा. लोखंडी कढईत भाजी शिजवावी. ह्यांपैकी कशालाही जाहिरात लागत नाही.

पण जे हितकारक ते पुष्कळ घेतले तर अधिक हितकारक, हा समज घातक आहे. ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक केस गाळतो, सेलेनियमचाही. याचा दाखला आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात मिळाला. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात शेगाव परिसरातील १८ गावांत २७९ लोकांचे केस अवघ्या काही दिवसांत गळले. प्रथम बुरशीवर आणि पाण्यावर संशय गेला. विंचूदंशावरील कार्यासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नमुने तपासून घेतले. पंजाब-हरियाणाकडून आलेल्या रेशनच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियम हे कारण असल्याचे त्यांनी मांडले. रुग्णांच्या रक्तात त्याचे प्रमाण ३५ पट आढळल्याचे त्यांनी नमूद केले. तो गहू सोडल्यावर पाचसहा आठवड्यांत काहींचे केस पुन्हा येऊ लागले. त्या गावकऱ्यांना कोणते तेल वाचविणार होते? धान्य तपासणारा माणूस हवा होता.

तेव्हा करावे काय? गळती तीन महिन्यांहून अधिक टिकली, भांग रुंदावला किंवा चकते पडले, तर डॉक्टरांकडे जावे. हिमोग्लोबिन, लोहाचा साठा सांगणारी फेरिटिनची तपासणी आणि थायरॉइड पाहून घ्यावे. हिमोग्लोबिन तर सरकारी आरोग्य केंद्रातही तपासतात. तपासल्यावाचून लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊ नयेत. बायोटिनच्या गोळ्यांची चलती आहे. पण त्याची उणीव क्वचित असते, आणि त्या गोळ्या रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे चुकवितात. आनुवंशिक टकलासाठी मिनॉक्सिडिल व फिनास्टराइड ही परिणाम सिद्ध झालेली औषधे आहेत. मात्र ती चालू ठेवली तरच गुण टिकतो. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ती घेऊ नयेत. गरोदर स्त्रीने तर मुळीच नाही. वेणी किंवा अंबाडा करकचून बांधू नये. सततच्या ओढीने मुळे कायमची जातात. आणि ज्याला टक्कल पडलेच, त्याने ते मोकळेपणाने मिरवावे. त्यात लाज कसली?

१९४८ च्या कारखाना कायद्याने २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यात कॅन्टीनची तरतूद केली, तेव्हा ती कुणाच्या केसांसाठी केली नव्हती. तरीही आम्हांस वाटते, उसळ आणि लिंबाची फोड देणारे कॅन्टीन हे कोणत्याही तेलापेक्षा मोठे केशवर्धक आहे. घरीही तसेच. आज रात्री ताटे वाढताना घरातील स्त्रीचे ताट पहिल्या पंगतीत मांडा, आणि त्यात वरण अंमळ घट्ट वाढा. केसांचा विचार त्यानंतर करू.