थंडी की दिवसाची लांबी? गांजाच्या झाडावरून शिकायचा एक धडा

थंड किनारपट्टीवर सॅटिव्हा प्रकारचा गांजा पिकत नाही, असं सर्रास म्हटलं जातं. का, असं विचारलं की उत्तर येतं: थंडीमुळे. आता तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल तर या उत्तरापाशी जरा थांबा. चुकीच्या कारणावर बेतलेला संकरणाचा कार्यक्रम सहा-सात वर्षं खातो.

(आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने परवान्याशिवाय ही लागवड गुन्हा आहे. म्हणून उदाहरण कॅलिफोर्नियाचं घेते. तिथे २०१६ च्या मतदानानंतर प्रौढांसाठी ती कायदेशीर झाली.)

हम्बोल्ट काउंटीतलं युरेका हे गाव घ्या. अक्षांश ४०.८ उत्तर, समोर थंड पॅसिफिक. भर जुलैतसुद्धा दुपारचं तापमान १७-१८ अंश, आणि सकाळी धुकं. पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिल, म्हणजे आपल्या उलट. ही थंडी बघून कुणीही म्हणेल, झाड गारठणारच.

पण झाडाला फुलोरा कधी येतो, हे मुळात थंडी ठरवत नाही. फ्रान्समध्ये ज्युलियन तूर्न्वा यांनी १९१२ च्या सुमारास हेम्प आणि हॉप्सवर काम करताना दाखवलं, की दिवस लहान केला तर ही झाडं लवकर फुलतात. पहिल्या महायुद्धात ते मारले गेले आणि काम अर्धवट राहिलं. पुढे १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर काम करून फोटोपीरियडची कल्पना पक्की केली, आणि पाठ्यपुस्तकात नाव त्यांचंच राहिलं. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी आणखी एक पायरी गाठली: झाड मोजतं ती रात्र. आपल्याकडे पॉलीहाऊसमध्ये शेवंतीला रात्री दिवे का लावतात, त्याचं उत्तर हेच.

आणि धुकं? धुक्याने उजेड कमी होतो, दिवस लहान होत नाही. रात्र मोजणाऱ्या फायटोक्रोमला अगदी मंद उजेडही पुरतो. वाढ मंदावेल, पण फुलोऱ्याची तारीख धुक्यामुळे फारशी हलणार नाही.

आता आकडे बघा. रत्नागिरीत वर्षातला सगळ्यात मोठा दिवस जेमतेम १३ तास ८ मिनिटांचा. युरेकात २१ जूनला तो १५ तासांवर जातो, आणि १३ तासांवर यायला सप्टेंबरचा पहिला आठवडा उजाडतो. विषुववृत्ताजवळच्या जाती, म्हणजे थायलंड, केरळ, कोलंबियाकडच्या, मोठ्या रात्रीची वाट बघतात आणि त्यानंतर पिकायला साधारण १० ते १४ आठवडे घेतात. सप्टेंबरच्या मध्यावर सुरू झालेला फुलोरा डिसेंबरपर्यंत लांबतो. तोवर पाऊस कधीच सुरू झालेला असतो आणि बोट्रायटिस बुरशीला हवं ते सगळं मिळालेलं असतं: ओलावा आणि १५ ते २० अंशांची गारवा धरलेली हवा. या जातींचा फुलोरा विरळ असतो, त्यामुळे घट्ट फुलोऱ्याच्या अफगाणी जातींपेक्षा तो कमी कुजतो. पण तीन महिने पावसात उभं राहायचं तर विरळपणा किती पुरणार?

म्हणजे थंडीचा हात आहेच, पण मुख्य अडचण कॅलेंडरची दिसते. नुसतं दिसून भागत नाही, वेगळं काढून दाखवावं लागतं. इथे भूगोल मदतीला येतो. किनाऱ्यापासून आत विलो क्रीक नावाचं गाव आहे. अक्षांश जवळजवळ तोच, पण उन्हाळ्यात पारा सहज ३० च्या वर. दिवसाची लांबी सारखी, तापमान वेगळं! एकाच मातृझाडाची छाटकलमं दोन्हीकडे लावली आणि फुलोरा एकाच सुमारास आला, तर तो दिवसाच्या लांबीचा परिणाम म्हणायला आधार मिळतो. पिकण्याचा वेग किंवा कूज वेगळी निघाली, तर तिथे हवामान बोलतंय.

अर्थात आत गेल्यावर तापमानाबरोबर आर्द्रताही बदलते, मातीही बदलते. ती गाठ शेतात सुटत नाही. त्यासाठी ग्रोथ चेंबर लागतो: दोन दिवस-लांबी गुणिले दोन तापमानं, आर्द्रता स्थिर. आणि फुलोरा सुरू झाल्याची तारीख व पिकल्याची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत हवी. नुसती ‘काढणीची तारीख’ लिहिली की दोन कारणं एकत्र कालवली गेली.

थंडी हेच कारण धरलं तर पैदासकार काटक झाडं निवडत बसेल. कॅलेंडर हे कारण असेल तर निवड लवकर फुलणाऱ्यांची करायची, किंवा रुडेरॅलिससारख्या, दिवसाच्या लांबीची पर्वा न करणाऱ्या प्रकाराशी संकर करायचा. जनिशेव्हस्की यांनी १९२४ मध्ये रशियातून तो नोंदवला होता.

शेवटचा खडा ‘सॅटिव्हा’ या शब्दातच आहे. लामार्क यांनी १७८५ मध्ये भारतातल्या झाडांवरून ‘इंडिका’ हे नाव दिलं, आणि आज बाजारात साधारण त्याच उंच, अरुंद पानांच्या झाडांना सॅटिव्हा म्हणतात! २०१५ च्या एका जनुकीय अभ्यासात जमैकाचा १०० टक्के सॅटिव्हा म्हणवणारा नमुना अफगाणिस्तानच्या १०० टक्के इंडिकाशी जवळपास तंतोतंत जुळला. त्यामुळे ‘सॅटिव्हा-प्रधान’ हा रकाना मी तक्त्यात ठेवणार नाही. त्याजागी झाड कुठल्या अक्षांशावरून आलं ते, आणि किती तासांच्या रात्रीला फुललं ते लिहीन.