खिडकीतली रोपवाटिका

भिवंडीच्या निजामपुऱ्यासारख्या दाट वस्तीत अंगण दुर्मीळ; दह्याचे रिकामे डबे मात्र घरोघरी. मिरची-टोमॅटोची रोपं करायला तेवढे पुरतात. डब्याच्या तळाला छिद्रं हवीतच. बी पाणी शोषून फुगतं, त्याचं श्वसन वाढतं आणि त्याला प्राणवायू लागतो. पाणी साचलं, की मातीतली हवा जाते, बुरशी माजते, कोवळं रोप बुडाशी कुजून कोलमडतं.

बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात ते चांगलं रुजतं. अंकुर दिसताच डबा उजेडाच्या खिडकीत ठेवा. अंधारात रोप लांबट, फिकट होतं. चार-पाच खरी पानं आली, की आठवडाभर थोडं थोडं ऊन दाखवून मोठ्या कुंडीत लावा. जूनच्या धुवाधार पावसात उघड्यावरचं बी वाहून जातं. घरात ते निर्धास्त वाढतं. यंदा एक तरी डबा कचऱ्यात जाऊ देऊ नका.