चाफ्यावाचून चाफा

हनुमान जयंतीस नांदुऱ्याच्या १०५ फुटी मारुतीच्या दर्शनाला निघालेल्या भाविकांपाशी हल्ली विलायती नावाची स्वस्त अत्तरकुपी दिसते. नक्कल म्हणून आम्ही नाक मुरडीत नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील ‘गंधयुक्ति’ अध्यायात मंजिष्ठादी द्रव्यांपासून चाफ्याच्या वासाचे तेल सिद्ध केले आहे. त्यात चाफा नाहीच! १८८८ साली जर्मन रसायनज्ञ आल्बर्ट बाऊर यांना स्फोटकांच्या प्रयोगांत कृत्रिम कस्तुरी गवसली. मृगवधाचे एक कारण उणावले. आमचा आक्षेप खोट्या नावाला आहे. चंदनाचे म्हणून भलतेच तेल विकणे ही भाविकाची वंचना होय. खरे चंदनतेल प्रथम मंद वाटते, पण उपरण्यावर दुसऱ्या दिवशीही रेंगाळते. ते परवडत नसेल तर न घ्यावे. मारुतीरायाला शेंदूर, तेल आणि रुईची माळ पुरते.