शरणपूरचे आश्रयदाते

नाशिकच्या शरणपुरात एकेकाळी आफ्रिकी मुले राहत होती, हे आज फारसे कोणाला ठाऊक नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमाराने गुलाम वाहणारी गलबते पकडली, की सुटलेल्या मुलांना मुंबईत उतरवत. त्यांतली अनेक चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूर वसाहतीत आली. विल्यम सॉल्टर प्राइस आणि त्यांच्या सहकारी पाद्र्यांनी त्यांना निवारा दिला, इंग्रजी शिकवले, हाताला कसब दिले. पुढे धर्मप्रचारक आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा मृतदेह आफ्रिकेच्या आतून किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत यांतली काही मुले होती. त्यांतल्या जेकब वेनराइटला 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीजवळ मानाची जागा मिळाली. गोऱ्या ख्रिस्ती माणसांनी काळ्यांना दिलेल्या साथीचा याहून चांगला दाखला आपल्या जिल्ह्यात नाही, आणि तिच्या मर्यादेचाही नाही.

कारण कुठे राहायचे, कुठे जायचे, हे मिशनच ठरवत होते. 1875 च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत मोम्बासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी मिशनचे फ्रिअरटाउन वसले. कारभार प्राइसकडे आणि राबते हात नाशिकच्या आफ्रिकींचे. जवळच्या राबाईच्या मिशन ठाण्यात मालकांकडून पळालेले गुलाम आसऱ्याला येऊ लागले, तेव्हा मालकांच्या रोषाला भ्यालेल्या मिशनच्या वरिष्ठांना ते नको होते. त्या पळालेल्यांना थारा दिला तो नाशकात शिकलेल्या विल्यम जोन्सने. प्रकरण चिघळले आणि 1888 मध्ये तिथल्या ब्रिटिश व्यापारी कंपनीने मालकांना भरपाई दिली, तेव्हा कुठे ती माणसे मोकळी झाली. मिशन नसते तर जोन्स नाशकात शिकलाच नसता, असे कोणी म्हणेल. खरे आहे, आणि ते ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण त्या काळाला आजचे माप लावू नका, हा आक्षेप मला पटत नाही. माप जोन्सचे आहे, आणि तो त्याच काळातला होता.

दुसरी रीत, म्हणजे नेतृत्व पीडितांच्याच हाती ठेवण्याची, तीही याच मातीत दिसली. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दलित नेते भाऊराव गायकवाड नाशिकच्या 1930 च्या काळाराम मंदिर प्रवेश सत्याग्रहाचे बिनीचे शिलेदार होते. त्याआधी महाडच्या सत्याग्रहात बाबासाहेब आंबेडकरांच्या गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण सहकाऱ्याने 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृती दहनाचा ठराव मांडला. ब्राह्मणांना वगळा तर सत्याग्रहाला पाठिंबा देऊ, ही ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांची अट बाबासाहेबांनी धुडकावली होती. म्हणजे सवर्णांना दार उघडे होते. फक्त दाराची किल्ली त्यांच्याकडे नव्हती. नेतृत्व असे पीडितांकडे सोपवले की साथ देणारे दुरावतात, अशी भीती घातली जाते. सहस्रबुद्धे दुरावले नाहीत. पुढे ते बाबासाहेबांच्या ‘जनता’ पत्राचे संपादक झाले.

म्हणून आज दिंडोरी, पेठ, सुरगाण्यात आदिवासींसाठी झटणाऱ्या संस्थांनी आपल्या विश्वस्तांची यादी एकदा काढून पाहावी. त्यात आदिवासी किती आहेत, आणि चेकवर सही कोणाची चालते, एवढेच तपासावे.