पिकअपचा दिवा पुन्हा पुन्हा का लागतो?

भाजी, दूध, किराणा यांची ने-आण करणारी पिकअप म्हणजे कित्येक घरांतला कमावता सदस्यच! ती एक दिवस गॅरेजमध्ये अडकली, की त्या दिवसाची कमाई बुडते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. अशी गाडी चढावर ओढेनाशी होते, काळा धूर सोडते, डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो. मेकॅनिक 'ईजीआर' व्हॉल्व्ह बदलून देतो. महिन्या-दोन महिन्यांत तोच दिवा पुन्हा हजर! अशा वेळी दुसरा व्हॉल्व्ह विकत घेण्याआधी मूळ कारण शोधायला हवे.

ईजीआर कशासाठी?

इंजिनातून निघालेल्या धुराचा काही भाग ही यंत्रणा पुन्हा आत सोडते. त्यामुळे ज्वलनाचे तापमान उतरते आणि नायट्रोजनची घातक ऑक्साइडे कमी तयार होतात. पण डिझेलच्या धुराबरोबर काजळीही येते. तेलाच्या वाफेत मिसळून ती डांबरासारखी चिकटते आणि व्हॉल्व्ह अडकतो.

कोड काय सांगतो?

स्कॅनरवर 'पी ०४०१' दिसला, तर धुराचा प्रवाह कमी आहे. 'पी ०४०२' म्हणजे जास्त. 'पी ०४०३' असेल, तर व्हॉल्व्हच्या वायरिंगकडे बोट आहे. कोड दुखणे सांगतो, कोणता भाग बिघडला ते नव्हे.

क्रमाने तपासा

● आधी वायर व कनेक्टर पाहा. स्कॅनरवरून व्हॉल्व्ह उघड-बंद करून तो सांगितल्याप्रमाणे हलतो का, ते बघा.

● व्हॉल्व्ह ठीक असेल, तर पाइप आणि इनटेक मॅनिफोल्ड उघडा. वाटच काजळीने बुजली असेल, तर नवा व्हॉल्व्ह काय करणार?

● अनेक डिझेल गाड्यांत आत येणारी ताजी हवा मोजून ईजीआरचा अंदाज घेतला जातो. त्यामुळे हवा मोजणारा सेन्सर मळलेला असला किंवा टर्बोचा होज फाटलेला असला, तरी दोष ईजीआरच्या माथी येतो.

● काजळी जास्त का होते, तेही पाहा. तुंबलेला एअर फिल्टर, गळका इंजेक्टर, उघडाच राहिलेला थर्मोस्टॅट, सतत थांबत-थांबत केलेल्या जवळच्या फेऱ्या, ही नेहमीची कारणे.

● बाहेर गळती नसताना कूलंट घटत असेल आणि पांढरा धूर येत असेल, तर ईजीआर कूलर तपासून घ्या. इथे चालढकल इंजिनच्या जिवावर बेतू शकते.

पत्रा ठोकू नका

'वाट बंद करून टाकू,' असा स्वस्त सल्ला हमखास मिळतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या गाड्यांत संगणक ही चलाखी सहसा ओळखतो आणि दिवा पुन्हा लागतो. शिवाय हे कायद्यालाही धरून नाही.

दिवा लागला त्या वेळी किती किलोमीटर झाले होते, किती माल होता, चढ होता की सपाट रस्ता, हे वहीत टिपून ठेवा. गॅरेजमध्ये कोड लिहून मागा आणि काढलेला जुना भागही परत घ्या. निदान नेमके झाले, तर वेळही वाचतो आणि पैसाही.