पाषाण, छिन्नी आणि श्वास

ध्यान म्हटले की डोळे मिटून स्वस्थ बसलेली आकृती आपल्यासमोर उभी राहते. परंतु डोळे मिटताच ज्यांच्या मनात विचारांची जत्रा भरते, अशांना मी हातांना गुंतवणारी एखादी कला सुचवतो. पाषाणशिल्प ही त्यांपैकी एक. मातीकाम बिघडले तर पुन्हा लिंपता येते; दगडाचा टवका उडाला की उडाला. वेरूळचे कैलास लेणे अखंड खडकात वरून खाली कोरत नेलेले आहे. असे काम करताना मन भूत-भविष्यात फार भटकू शकत नाही.

कसलेला कारागीर कोरण्यापूर्वी दगडावर हलका ठोका देऊन ऐकतो. नाद खणखणीत असेल तर दगड एकसंध, बद्द असेल तर आत भेग असण्याची शंका. प्राचीन शिल्पग्रंथांत नादावरून पाषाणाचे पुरुष, स्त्री व नपुंसक असे भेदही सांगितले आहेत. आपणही आरंभी काही दिवस नुसते ऐकावे. खांदे सैल, छिन्नी किंचित तिरकी, नजर तिच्या टोकावर. हातोडीकडे पाहू नये. ठोक्यांना लय सापडली की श्वासही संथ होऊ लागतो. (एवढ्यावर रक्तदाबाची गोळी बंद करू नये, हे सांगणे माझे काम!)

मात्र या श्वासाबरोबर आत काय जाते, ते पाहिले पाहिजे. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ असे आपण म्हणतो. घाव घालणाऱ्याच्या फुप्फुसांनी काय सोसले, हे क्वचितच विचारतो. राजस्थानातील पिंडवाडा परिसरात मंदिरांसाठी वालुकाश्म कोरणाऱ्या अनेक कारागिरांना सिलिकोसिसने ग्रासले आहे. त्या राज्याला २०१९ मध्ये या विकारासाठी धोरण आखावे लागले. वालुकाश्म व ग्रॅनाइटमध्ये स्फटिकरूप सिलिका विपुल असते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यांना गिळणाऱ्या संरक्षक पेशी स्वतःच मरतात आणि त्या जागी कठीण व्रण तयार होतात. हे व्रण भरून येत नाहीत. शिवाय क्षयरोगाचा धोका वाढतो. लक्षणे बहुधा अनेक वर्षांनी उमटतात, म्हणून आज खोकला नाही यावर विसंबता येत नाही.

म्हणून नवशिक्याने वालुकाश्म व ग्रॅनाइट टाळावेत. जिप्समचा मऊ दगड किंवा शुद्ध संगमरवर तुलनेने बरा. सोपस्टोन लोण्यासारखा कोरला जातो खरा, परंतु काही खाणींच्या दगडात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात; त्याची खात्री नसेल तर तो नकोच. दगड कोणताही असो, काम उघड्यावर करावे आणि दगड सतत ओला ठेवावा. विजेच्या ग्राइंडरने कोरडे घासणे सर्वांत घातक; ध्यानाच्या दृष्टीनेही त्या कर्कश यंत्राचा काय उपयोग? चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावावा; रुमाल पुरत नाही आणि दाढीमुळे मास्कच्या कडेला फट राहते. डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच. चुरा झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावा. कामाचे कपडे घरात झटकू नयेत, विशेषतः जिथे लहान मुले रांगतात.

दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार असलेल्यांनी माती अथवा लाकडी ठशांकडे वळावे. आणि आपल्या घरात कोणी पूर्वी खाणीत वा दगडकामात राबले असेल, तर साध्या खोकल्यासाठी दवाखान्यात जातानाही डॉक्टरांना तो व्यवसाय आवर्जून सांगा. बहुतेक वेळा तो आम्ही विचारायचा राहून जातो.